तुळशी वृंदावनातील मुंग्या: टेक्सासहून कॅलिफोर्नियात ट्रेलरने केलेल्या एका स्थलांतराचे प्रकरण

ह्यूस्टनच्या एका उपनगरात बरीच वर्षे राहिलेले मराठी कुटुंब कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे राहायला निघाले आणि राज्याच्या सीमेवरील कृषी तपासणीत त्यांचा घरसामानाचा ट्रेलर अडकला. ज्या झाडाची त्यांना धास्ती होती ते त्यांनी नियम वाचून मागेच ठेवले होते. अडचण आली ती ज्या वस्तूकडे कोणी शेतीच्या नजरेने पाहिलेच नव्हते तिच्यामुळे. ओळख पटू नये म्हणून या लेखात नावे गाळली आहेत आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मोटारीने जाताना सहसा कोणी थांबवत नाही. स्वागताची पाटी मागे पडली की सीमा ओलांडली गेली, इतकेच. कॅलिफोर्नियाचे तसे नाही. ओरेगॉन, नेव्हाडा आणि ॲरिझोना या शेजारी राज्यांकडून येणाऱ्या प्रमुख रस्त्यांवर राज्याच्या अन्न व कृषी विभागाची १६ तपासणी केंद्रे आहेत आणि तेथे मोटार, मालट्रक, बोट, घरसामानाचा ट्रेलर अशा सर्वांनाच थांबावे लागते. ही पद्धत १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची आहे. त्या काळी लसूणघासावर पडणारा सोंडकिडा शेजारच्या राज्यांतून येऊ नये एवढाच तिचा हेतू होता; पुढे फळमाशी, पतंगांची अंडी, मुंग्या, गोड्या पाण्यातील शिंपले अशी यादी वाढत गेली.

मराठी वाचकाला ‘नाका’ म्हटले की जकात, आरटीओ किंवा वजनकाटा आठवतो. झाडाझुडपांच्या वाहतुकीवर निर्बंध घालणारा कायदा भारतात १९१४ पासून आहे, परंतु महाराष्ट्राच्या सीमेवर एखाद्या कुटुंबाची मोटार थांबवून कुंडीखाली बॅटरी मारून पाहणारा अधिकारी कोणाला भेटलेला नाही. त्यामुळे भारतातून अमेरिकेत गेलेली माणसे कॅलिफोर्नियाच्या सीमेवर पोचतात ती कागदपत्रांच्या तयारीने. या कुटुंबानेही पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे, गाडीचा विमा आणि ट्रेलरच्या भाड्याची पावती असे सर्व एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवले होते. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेसच्या पश्चिमेला सीमा सुरक्षा दलाची चौकी लागते, तेथे तो फोल्डर उपयोगी पडला. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर मात्र त्यातला एकही कागद कोणी मागितला नाही.

कुटुंबात पती, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई असे चौघे होते. पत्नी फिजिओथेरपिस्ट असून तिला फ्रेस्नोतील एका रुग्णालयात नोकरी मिळाली होती. पतीचे काम संगणकावरचे, घरून करण्याजोगे. सासूबाई अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्याच्या, म्हणजे संत्र्याच्या पट्ट्यातल्या. पुढे जे घडले त्यात त्यांच्या या अनुभवाचा संबंध दोन ठिकाणी येतो.

सुरुवातीला दिसलेली समस्या

सामान कमी होते, म्हणून व्यावसायिक मूव्हर्सना बोलावण्याऐवजी बारा फुटी बंद ट्रेलर भाड्याने घेऊन तो स्वतःच्या गाडीमागे ओढत न्यायचे ठरले. ह्यूस्टनवरून पश्चिमेकडे जाणारा दहा क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग सॅन अँटोनियो, एल पासो, टूसॉन आणि फिनिक्स या शहरांतून जात कोलोराडो नदी ओलांडतो आणि पलीकडच्या काठावर ब्लाईथ येथे कॅलिफोर्नियाचे तपासणी केंद्र लागते. अंतर २,१०० किलोमीटरच्या घरात.

घरात चर्चा होती ती एकाच गोष्टीची: मागच्या अंगणातील कढीपत्त्याची. पुरुषभर उंचीचे ते झाड मोठ्या कुंडीत होते आणि ओळखीच्या पाच-सहा घरांना त्याची पाने जात असत. ते न्यावे की नेऊ नये यावर जितके दिवस खल झाला, तितके तास बाकीच्या सामानाचा विचार झाला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणाची खरी मेख तेथेच आहे.

पहिला निर्णय: कढीपत्ता

कढीपत्ता वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे. या कुळातील झाडांवर जगणारी सिट्रस सायला ही बारीक कीड कोवळ्या पालवीतला रस शोषते आणि ग्रीनिंग रोगाचे जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कढीपत्ता स्वतः या रोगाने खंगत नाही, पण सायलाला तो फार आवडतो. झाड टवटवीत दिसत असते आणि त्यावर कीड सुखाने वाढत असते. विदर्भातल्या बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. पतीने इंटरनेटवर त्या किड्याचा फोटो काढून दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अरे, ही तर सायला. आपल्या बागेत नव्या नवतीवर बसते ती.” किड्याचे मागचे टोक वर उचललेले, तिरके बसणे त्यांनी लगेच ओळखले.

फ्लोरिडात ही कीड १९९८ मध्ये आणि ग्रीनिंग २००५ मध्ये आढळला. २००३-०४ च्या हंगामात तेथे सुमारे २४ कोटी पेट्या संत्री निघाली होती. २०२२-२३ मध्ये हा आकडा १.६ कोटींच्या आसपास आला. त्या शेवटच्या वर्षी चक्रीवादळाचाही तडाखा बसला होता हे खरे, पण घसरण त्याआधीच्या दीड दशकाची आहे आणि तिचे मुख्य कारण ग्रीनिंग हेच आहे. टेक्सासमध्ये हा रोग २०१२ मध्ये सापडला आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिस काउंटीतील (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) एका घराच्या अंगणातल्या झाडावरही. हे कुटुंब ज्या फ्रेस्नोला चालले होते ते सेंट्रल व्हॅलीच्या लिंबूवर्गीय पट्ट्यात आहे. तेथेच २००९ मध्ये भारतातून आलेल्या एका पार्सलातील कढीपत्त्याच्या पानांवर सायला सापडली होती आणि तिच्यात ग्रीनिंगचे जिवाणू होते. ते पार्सल प्रशिक्षित कुत्र्याने हुंगून काढले होते. कढीपत्त्याच्या चार पानांनी असे काय होणार, असे विचारणाऱ्याला एवढी एक घटना पुरेशी आहे.

कुटुंबापुढे तीन पर्याय होते. झाड कुंडीसकट न्यावे, त्याला टेक्सासच्या कृषी खात्याकडून प्रमाणपत्र मिळते का ते पाहावे, किंवा मागे ठेवावे. पहिला पर्याय बेकायदा होता, कारण सायलामुळे टेक्सासवर केंद्रीय क्वारंटाइन, म्हणजे कीड पसरू नये म्हणून वाहतुकीवर घातलेले निर्बंध, लागू आहे आणि त्यात कढीपत्त्याचे रोप तसेच ताजी पानेही येतात. दुसरा व्यवहार्य नव्हता. कीटकरोधक जाळीघरात, ठरलेल्या उपचारांखाली वाढवलेल्या रोपवाटिकेतील रोपांसाठी असलेली सोय अंगणातल्या झाडाला लागू होत नाही. तेव्हा झाड त्याच गल्लीतल्या एका तेलुगू शेजाऱ्यांना देण्यात आले. हा निर्णय वेळेवर, माहिती घेऊन आणि कुरकुर न करता झाला. याच सपाट्यात अंगणातले लिंबाचे झाड आणि शेजाऱ्यांनी दिलेली सालासकट पेकानची (अक्रोडासारख्या सुक्या फळाची) पिशवीही मागे राहिली. सालासकट पेकानवर कॅलिफोर्नियाचे निर्बंध आहेत, सोललेल्या गरावर नाहीत, हेही त्यांना वाचताना कळले होते.

घरात वाढलेली दोन झाडे, एक मनीप्लांट आणि एक स्नेक प्लांट, दुकानातून आणलेल्या नव्या मिश्रणात लावून गाडीतच, पायाशी न्यायचे ठरले. घरातल्या घरात वाढलेल्या, स्वच्छ मिश्रणातल्या आणि कीड नसलेल्या झाडांना सहसा हरकत घेतली जात नाही.

दुसरा निर्णय, जो निर्णय म्हणून घेतलाच गेला नाही

अंगणात तुळशीचे वृंदावनही होते. भाजलेल्या मातीचे, गुडघ्याच्या वर येईल इतक्या उंचीचे, समोर दिव्यासाठी कोनाडा असलेले. सासूबाईंनी मागच्या एका खेपेला मोठ्या खटपटीने मिळवून दिलेले. तुळस अंगणातली, म्हणून रोप नेता येणार नाही हे मान्य झाले आणि माती बागेत उपसून टाकण्यात आली. वृंदावन मात्र रिकामे भांडे समजून सामानात धरले गेले. ‘झाडे’ या शीर्षकाखाली त्याचा विचार झाला होता आणि तो संपला होता. आता ते ‘फर्निचर’ झाले.

माती उपसली असली तरी बुडाशी चार बोटे घट्ट झालेला थर तसाच राहिला, कारण वृंदावनाचा गळा अरुंद आणि हात आत पोचत नव्हता. त्याला खालून पाणी झिरपायला भोक होते आणि बैठकीचा भाग आतून पोकळ होता.

ट्रेलर गुरुवारी आला. घरमालकांच्या संघटनेच्या नियमानुसार रस्त्यावर ट्रेलर रात्रभर उभा करता येत नव्हता आणि घरासमोरच्या काँक्रीटवर दोन गाड्या होत्या, म्हणून तो बाजूच्या हिरवळीवर घेण्यात आला. अंगणातल्या वस्तू, म्हणजे वृंदावन, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पायपुसणे, बागेतली घमेली, या सगळ्या ट्रेलरच्या उतरत्या फळीजवळ गवतावर काढून ठेवल्या गेल्या. रात्री मुसळधार पाऊस झाला. शुक्रवारी सकाळी वृंदावन कापडाने पुसून सर्वांत आधी, म्हणजे ट्रेलरच्या अगदी पुढच्या टोकाला, गादीच्या आडोशाला ठेवले गेले, कारण ते फुटू नये ही काळजी होती.

ह्यूस्टनच्या हिरवळीत फायर अँट म्हणजे तांबड्या, चावल्यावर आग होणाऱ्या मुंग्या घरोघर असतात. दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अलाबामातील मोबाईल बंदरात उतरलेली ही जात आज अमेरिकेच्या सगळ्या दक्षिण भागात पसरली आहे आणि टेक्सासचा पूर्व भाग तिच्यासाठीच्या केंद्रीय क्वारंटाइनखाली आहे. जोराचा पाऊस झाला की वारूळ पाण्याखाली जाते आणि अंडी, अळ्या, राणी यांसह सगळी वसाहत जवळच्या कोरड्या उंचवट्यावर हलते. त्या रात्री गवतावरचा सर्वांत सोयीचा उंचवटा कोणता होता हे आता सांगायला नको.

कॅलिफोर्नियाने या मुंग्यांचा धसका का घेतला आहे तेही पाहिले पाहिजे. १९९७ मध्ये कर्न काउंटीतील बदामाच्या बागेत त्या आढळल्या, तेव्हा टेक्सासहून परागीभवनासाठी आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांबरोबर त्या आल्याचे दिसून आले. पुढच्याच वर्षी ऑरेंज काउंटीत त्या मोठ्या प्रमाणावर सापडल्या आणि १९९९ मध्ये तेथे क्वारंटाइन लावावे लागले. तोडणीला आलेल्या मजुरांना चावणे, ठिबकच्या नळ्यांत शिरणे, विजेच्या पेटीत घर करणे असे त्यांचे उपद्व्याप आहेत. बदामाच्या हंगामासाठी दरवर्षी येणारे पेट्यांचे ट्रक सीमेवर मुंग्यांसाठी बारकाईने पाहिले जातात ते त्यामुळेच.

ब्लाईथच्या केंद्रावर

रविवारी दुपारी, वाळवंटातल्या जूनच्या उन्हात, गाडी केंद्रावर पोचली. पहिल्या खिडकीवरचे प्रश्न नेहमीचे होते: कोठून आलात, कोठे चाललात, फळे, भाज्या, झाडे काही आहे का. पत्नीने यादी समोर धरली आणि गाडीतली दोन झाडे दाखवली. अधिकाऱ्याने पानांच्या पाठी पाहिल्या आणि ती परत दिली. मग त्याची नजर ट्रेलरच्या जोडणीवर बांधलेल्या लिंबू-मिरचीकडे गेली. निघताना सासूबाईंनी ती दुकानातल्या लिंबाची बांधली होती आणि कोणालाच ते फळ वाटले नव्हते. अधिकाऱ्याने ती मिरच्यांसह कापून पिशवीत टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण पुढे जे झाले त्याचे कारण त्यांच्या मते आजही हेच आहे.

टेक्सासची पाटी आणि घरसामान पाहून अधिकाऱ्याने ट्रेलर बाजूला घ्यायला सांगितले आणि प्रश्न बदलला. “झाडे नाहीत, ठीक. पण अंगणात राहिलेले काही आहे का? कुंड्या, खुर्च्या, खेळणी, तंबू, बार्बेक्यू?” या प्रश्नावर पतीने क्षणभर विचार करून खुर्च्या आणि वृंदावन असल्याचे सांगितले. हा या प्रकरणातला तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला निर्णय. वृंदावन सर्वांत आत होते, ते दिसणारही नव्हते. ‘नाही’ म्हणून सुटण्याचा मोह होण्यासारखी स्थिती होती. पण राज्याच्या कायद्यानुसार अशी माहिती दडवणे दंडनीय आहे, आणि समजा दडवली असती तर ती वसाहत फ्रेस्नोतल्या त्यांच्याच नव्या अंगणात उतरली असती.

वृंदावन बाहेर काढायला निम्मा ट्रेलर उपसावा लागला. उन्हात डांबरावर खोकी, गादी, पुस्तकांची कपाटे मांडली गेली, आणि मुलगी व सासूबाई वातानुकूलित गाडीत बसून राहिल्या. अधिकाऱ्याने वृंदावन आडवे केले, बुडाच्या भोकात बॅटरी मारली आणि बैठकीच्या पोकळीत एक पातळ पट्टी घालून हलकेच ठोकले. पट्टी बाहेर आली तेव्हा तिच्यावर तांबूस मुंग्या धावत होत्या आणि टोकाला तांदळाच्या कणीसारखे पांढरे काहीतरी चिकटले होते, म्हणजे अळ्या आणि कोष. त्याने चिमट्याने काही मुंग्या अल्कोहोलच्या छोट्या कुपीत टाकल्या, भिंगातून फोटो काढून सॅक्रामेंटोच्या प्रयोगशाळेकडे पाठवले, आणि तोपर्यंत ट्रेलरचे दार लावून घ्यायला सांगितले. उत्तर यायला दोनेक तास लागले. जात फायर अँटचीच होती.

पतीचा एक प्रश्न अगदी रास्त होता: दोन दिवस बंद पत्र्याच्या ट्रेलरमध्ये, ॲरिझोनाच्या उन्हात मुंग्या जगल्या कशा? उत्तर असे की जाड भाजलेली माती, तिच्यातला ओलावा आणि वरून गादीचे आवरण यांमुळे आतल्या पोकळीचे तापमान बाहेरइतके चढत नाही. वृंदावन सुरक्षित राहावे म्हणून केलेल्या व्यवस्थेत मुंग्याही सुरक्षित राहिल्या.

केंद्रावर समोर आलेले पर्याय

तपासणीत माल नाकारला गेला की मालकाला पर्याय दिले जातात. जप्ती आणि दंड हा एकच रस्ता असतो अशी समजूत चुकीची आहे. येथे चार वाटा होत्या.

ट्रेलरसकट राज्याबाहेर परत जाऊन सर्व सामान स्वच्छ करून आणणे ही पहिली. नदीपलीकडे ॲरिझोना काही मिनिटांवर होते, पण जिवंत वसाहत घेऊन तेथे जाणे म्हणजे एका राज्याची अडचण दुसऱ्याच्या गळ्यात मारणे. या मुंग्या ॲरिझोनालाही नको आहेत. शिवाय सोमवारी दुपारी पत्नीला रुग्णालयात कागदपत्रांसाठी हजर व्हायचे होते.

वृंदावन तेथेच धुऊन, कीटकनाशक मारून न्यावे असे सासूबाईंनी सुचवले. वरूडकडे कुंडीत मुंग्या झाल्या की असेच करतात, आणि सूचना तशी वेडगळ नव्हती. अधिकाऱ्याने ती नाकारण्याचे कारण पटण्यासारखे होते: पोकळीच्या आतला भाग डोळ्यांना दिसत नाही, राणी मेली की नाही हे तपासता येत नाही, आणि एक राणी उरली तरी वसाहत पुन्हा उभी राहते. खुर्च्या आणि घमेली पुसून, उलटून पाहता येतात. वृंदावन तसे पाहता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे वृंदावन तेथेच नष्ट करायला देणे आणि उरलेले सामान सशर्त पुढे नेणे. यात सामानाबरोबर एक नोटीस दिली जाते. त्यानुसार पोचल्यावर त्या काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयाला कळवायचे आणि त्यांचा निरीक्षक पाहून मोकळीक देईपर्यंत ट्रेलर उघडायचा नाही. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीला कृषी आयुक्त असतो, त्यामुळे सीमेवर अर्धवट राहिलेली तपासणी मुक्कामी पूर्ण करता येते. चौथी वाट होती ब्लाईथलाच थांबून ट्रेलर पूर्ण रिकामा करण्याची. त्या उन्हात ती कोणालाही परवडणारी नव्हती.

निर्णय पती-पत्नी घेऊ शकत होते, पण दोघेही सासूबाईंकडे पाहत राहिले. अखेर त्याच म्हणाल्या, “मातीचंच आहे ते. दुसरं मिळेल. पोरीला उन्हात किती बसवणार?” वृंदावन दोन जाड पिशव्यांत बांधून देण्यात आले. पायपुसणेही त्याबरोबर गेले. नोटीस घेऊन संध्याकाळी उशिरा ट्रेलर पुढे निघाला.

फ्रेस्नोतील तपासणी

ब्लाईथ ते फ्रेस्नो अंतर सुमारे ७०० किलोमीटर. पहाटे पोचल्यावर नवा पेच समोर आला: भाड्याच्या घराच्या संकुलात ट्रेलर उभा करायची जागा नव्हती आणि तो त्याच दिवशी परत करायचा होता. व्यवस्थापकाने मागच्या बाजूचा गवताळ कोपरा देऊ केला. पत्नीने तो घेतला नाही आणि रस्त्यापलीकडच्या डांबरी पार्किंगची परवानगी मिळवली. ट्रेलरमधून एखादी मुंगी उतरलीच तर ती मातीत जाऊ नये, हा विचार तिने ह्यूस्टनच्या हिरवळीवरच्या अनुभवावरून आता केला होता.

काउंटीच्या कार्यालयाला सकाळी फोन गेला आणि निरीक्षक दुसऱ्या दिवशी आली. तिची पद्धत साधी होती. ट्रेलरचे दार उघडून तिने चारही कोपऱ्यांत आणि मधल्या फटींत मक्याचे तेलकट वेफर ठेवले आणि पाऊण तास थांबली. फायर अँटना तेल आणि प्रथिने आवडतात; आसपास कामकरी मुंग्या असतील तर त्या अशा आमिषावर गोळा होतात. तेवढ्या वेळात तिने खुर्च्यांचे पाय, घमेल्यांच्या कडा आणि ट्रेलरच्या फळ्यांखालची बाजू पाहिली. पुढच्या कोपऱ्यात, जेथे वृंदावन होते तेथे, मातीचा चुरा आणि मेलेल्या काही मुंग्या सापडल्या. जिवंत एकही नाही. तो चुरा व्हॅक्यूमने ओढून पिशवीत बंद करायला लावला आणि सामान उतरवायला परवानगी मिळाली.

निष्पत्ती

खर्चाच्या बाजूने पाहिले तर ट्रेलरचे वाढीव भाडे, एक रात्र मुक्कामाचा गोंधळ आणि पत्नीची पुढे ढकललेली भेट एवढेच हिशेबात येते. दंड झाला नाही. वृंदावन गेले. नंतरचे काही आठवडे निरीक्षकाने सांगितल्याप्रमाणे घराच्या आसपास मुंग्या दिसतात का ते पाहिले गेले, काही आढळले नाही. कढीपत्त्याचे रोप त्यांनी पुढे कॅलिफोर्नियातल्याच परवानाधारक रोपवाटिकेतून घेतले. ते घरी लावता येते, पण सायलाचे क्वारंटाइन असलेल्या भागातून बाहेर नेता येत नाही, हे रोपाबरोबरच्या चिठ्ठीवर छापलेले होते.

वेगळे काय करता आले असते

कुटुंबाने नियम वाचले नव्हते असे म्हणता येणार नाही. उलट बहुतेकांपेक्षा अधिक वाचले होते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न ‘हे झाड चालेल का?’ असा होता, आणि तपासणी करणारा ‘ही वस्तू उघड्यावर, जमिनीला टेकून होती का?’ असे विचारतो. दोन्ही प्रश्नांच्या याद्या वेगळ्या निघतात. पहिल्या यादीत कढीपत्ता, लिंबू, पेकान येतात. दुसरीत वृंदावन, खुर्ची, मुलांची घसरगुंडी, सायकल, तंबू, पाण्याची नळी. ईशान्येकडील राज्यांतून येणाऱ्यांना पतंगाच्या अंडीपुंजांसाठी अंगणातले सामान स्वतः तपासून तसे लिहून द्यावे लागते, त्यामुळे तेथील लोकांना ही दुसरी यादी सवयीची असते. टेक्सासच्या माणसाला ती कोणी दिलेली नसते.

ट्रेलर हिरवळीवर घेण्याऐवजी एक गाडी दोन दिवस मित्राकडे ठेवून तो काँक्रीटवर घेता आला असता. हा बदल सर्वांत स्वस्त होता आणि त्याने बहुधा सगळेच टळले असते. मुंग्यांसाठी आमिषाचे औषध टाकण्याचा उपाय काहींनी नंतर सुचवला, पण अशी औषधे वसाहत संपवायला काही आठवडे घेतात; ट्रेलर आल्यावर टाकून त्यांचा उपयोग झाला नसता. महिनाभर आधी टाकली असती तर गोष्ट वेगळी.

सामान भरण्याच्या क्रमाबद्दल मात्र माझे आणि त्या कुटुंबाचे एकमत नाही. पतीचे म्हणणे असे की वृंदावन दाराजवळ ठेवले असते तर ते रस्त्यात फुटले असते. तसे झालेही असते. तरीही अंगणात राहिलेली प्रत्येक वस्तू शेवटी, दाराशी, एका ताडपत्रीवर भरावी हेच मला योग्य वाटते, कारण केंद्रावर निम्मा ट्रेलर उपसण्यात गेलेला वेळ हा त्या दिवसातला सर्वांत त्रासाचा भाग होता. फुटण्याची भीती असलेली वस्तू ब्लँकेटात गुंडाळून दाराशीही ठेवता येते.

वृंदावनाच्या बाबतीत एक पर्याय कोणालाच सुचला नाही: ते आठवडाभर आधी भिजवून, नळीच्या जोरदार पाण्याने भोकातून आतला थर काढून, उन्हात उलटे वाळवून मग घरात, फरशीवर ठेवणे. अरुंद गळ्यामुळे हात पोचत नव्हता, पाणी पोचले असते. हे केले असते तर ते सोबत आले असते असे मी खात्रीने म्हणणार नाही. अधिकाऱ्याने पोकळीबद्दल शंका घेतलीच असती, पण निदान दाखवायला स्वच्छ वस्तू असती.

राहिला प्रश्न दिवसाचा. रविवारी सीमा आणि सोमवारी मुक्काम असे झाल्यामुळे नशिबाने काउंटीचे कार्यालय उघडे सापडले. हेच कुटुंब दोन दिवस लवकर निघून शुक्रवारी रात्री उशिरा फ्रेस्नोला पोचले असते, तर नोटीस लावलेला ट्रेलर शनिवार-रविवार बंद ठेवून बसावे लागले असते आणि भाडे चालू राहिले असते. ट्रेलरने कॅलिफोर्नियात येणाऱ्याने आठवड्याच्या पहिल्या दिवसांत मुक्कामी पोचण्याचे गणित ठेवावे, आणि निघण्यापूर्वी सीमेवरच्या केंद्राऐवजी ज्या काउंटीत राहायला जायचे तेथील कृषी आयुक्तांच्या कार्यालयाला फोन करून अंगणातल्या वस्तूंची यादी वाचून दाखवावी.